परदेशातील एक सत्र : हायडेलबर्गला निघालेल्या विद्यार्थ्यासाठी काही सूचना

एका सत्रापुरते परदेशी विद्यापीठात जाणे ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतीत आता पूर्वीइतकी अपूर्वाईची राहिलेली नाही. जाणाऱ्याला सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. कोणते कपडे न्यावेत, मसाले किती बांधून घ्यावेत, पैसे कोणत्या मार्गाने पाठवावेत, ह्यांविषयी त्याला हवी त्याहून अधिक माहिती मिळते. परंतु भाषेचा अभ्यास करणाऱ्याने त्या अवधीचा अभ्यासासाठी उपयोग कसा करावा, ह्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. विद्यार्थी जातो, ग्रंथालयात बसतो, इंग्रजीत चालणारे दोन वर्ग पुरे करतो आणि परत येतो. ज्या समाजात तो राहिला त्या समाजाची भाषा त्याच्या कानावरून वाहून गेलेली असते. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही हानी लहान म्हणता येणार नाही.

सर्वसामान्य उपदेशापेक्षा एखादे नगर समोर ठेवून बोलणे बरे, म्हणून येथे जर्मनीतील हायडेलबर्ग हे उदाहरण घेतले आहे. तेथील विद्यापीठ १३८६ मध्ये स्थापन झाले. आजच्या जर्मनीतील ते सर्वांत जुने विद्यापीठ होय. आपल्याकडील अभ्यासकांना हे गाव अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची धुरा पुढे अनेक वर्षे वाहणारे रा. ना. दांडेकर ह्यांनी १९३८ मध्ये येथेच डॉक्टरेट मिळविली. त्यापूर्वी, १९०७ मध्ये, कवी इक्बाल म्यूनिकच्या पदवीसाठी आवश्यक ते जर्मन शिकण्याकरिता ह्या गावी येऊन राहिले होते. नेकार नदीच्या काठाच्या एका भागाला आज त्यांचे नाव आहे. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या येथील दक्षिण आशिया संस्थेतील ग्युंथर सोंथायमर ह्यांनी धनगरांबरोबर हिंडून, त्यांच्या ओव्या ऐकून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ह्या देवतांवरचा आपला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. एका जर्मन अध्यापकाने धनगराच्या बोलीसाठी जेवढे कान उघडे ठेवले, तेवढे आपण त्याच्या गावच्या बोलीसाठी ठेवावेत, एवढीच काय ती अपेक्षा.

प्रथम कालगणनेचा विचार करू, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते. परंतु व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि मध्ये नाताळची सुमारे दोन आठवड्यांची सुट्टी पडते. म्हणजे सहा महिन्यांच्या सत्रात प्रत्यक्ष वर्ग जेमतेम चौदा आठवडे. आपल्याकडील पहिले सत्र तर जून-जुलैत सुरू होऊन दिवाळीच्या सुमारास संपते. दोन्ही वेळापत्रके कोठेच जुळत नसल्यामुळे, कोणत्या परीक्षेला बसायचे, कोणती सोडायची आणि तेथील श्रेयांकांच्या बदल्यात येथे काय मिळणार, हे सर्व जाण्यापूर्वी विभागाकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारे अध्यापक सहा महिन्यांनी त्याच खुर्चीवर असतीलच असे नाही. शक्य असल्यास सप्टेंबरच्या आरंभी पोहोचावे. सत्रारंभापूर्वी होणारे जर्मनचे वर्ग, घराचा शोध आणि कचेऱ्यांचे हेलपाटे ह्यांत तो महिना सहज निघून जातो. जो विद्यार्थी व्याख्यानांच्या आदल्या दिवशी उतरतो, त्याचे पहिले पाच आठवडे कागदांतच जातात, आणि चौदांतून पाच वजा केले म्हणजे काय उरते ते सांगावयास नको.

कचेऱ्यांविषयी थोडक्यात. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत नावाची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने भरून दिलेला दाखला लागतो, म्हणून जो मालक असा दाखला देण्यास तयार नाही त्याची खोली घेऊ नये. खोली पाहण्यापूर्वीच अनामत मागणाऱ्याला एक छदामही पाठवू नये. खर्चासाठी बांधील खात्यात ठेवावयाची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून दरमहा ९९२ युरो ह्या हिशेबाने धरली जाते. नियम बदलतात, तेव्हा वकिलातीचा त्या वेळचा आकडा पाहावा. आरोग्यविम्यावाचून विद्यापीठात नाव दाखल होत नाही. आणि एक क्षुल्लक वाटणारी, पण अनेकांना नडलेली गोष्ट : पत्रपेटीवर आपले नाव चिकटवावे. तेथे टपाल नावावर पोहोचते, खोलीच्या क्रमांकावर नव्हे. पेटीवर नाव नसेल तर बँकेचे आणि विमा संस्थेचे पत्र निमूटपणे परत जाते.

आता मुख्य विषयाकडे वळू. आपले विद्यार्थी जर्मन शिकतात ते इंग्रजीच्या आधाराने. पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरणे इंग्रजीत असतात, कोश इंग्रजी असतो आणि मनातल्या मनात केलेले भाषांतरही इंग्रजीतून होते. दोन्ही भाषा एकाच जर्मानिक कुळातील, तेव्हा ही वाट जवळची असणार, असा समज त्यामागे असतो. शब्दसंग्रहाच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे. वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र मराठी भाषकाने इंग्रजीला वळसा घालून जाणे म्हणजे पुण्याहून साताऱ्याला मुंबईमार्गे जाण्यासारखे आहे. मार्क ट्वेन १८७८ मध्ये हायडेलबर्गला राहिला होता आणि १८८० च्या आपल्या प्रवासवर्णनाला त्याने जर्मन भाषेची थट्टा करणारा एक निबंध जोडला आहे. वाक्याच्या शेवटापर्यंत क्रियापदाची वाट पाहावी लागते, ही त्याची एक मोठी तक्रार. मराठी भाषकाला तीत हसण्यासारखे काय आहे हेच कळणार नाही, कारण आपण जन्मभर क्रियापदाची वाट पाहतच बोलत आणि ऐकत आलो आहोत. जर्मन गौणवाक्य घ्या : ‘दास एर गेस्टर्न गेकोमन इस्ट’. आरंभीचा ‘दास’ म्हणजे ‘की’. पुढचे शब्द त्याच क्रमाने मांडले की ‘तो काल आला आहे’ हे मराठी वाक्य तयार होते. धातुसाधित आधी, साहाय्यक क्रियापद शेवटी. इंग्रजीतून येणाऱ्याला दोन उड्या माराव्या लागतात. मराठीतून येणाऱ्याला एकही नाही. प्रधानवाक्यात मात्र हेच साहाय्यक क्रियापद उठून दुसऱ्या स्थानी जाऊन बसते आणि धातुसाधित शेवटीच राहते. मराठीला परकी असलेली गोष्ट आहे ती ही, आणि घोटून घ्यावयाची ती हीच.

संख्यावाचनाचेही असेच. जर्मनमध्ये ‘एक-आणि-वीस’, ‘पाच-आणि-तीस’ असे म्हणतात. एकक आधी आणि दशक मागून, हा क्रम एकवीस आणि पस्तीस म्हणणाऱ्याच्या हाडीमाशी खिळलेला आहे. (एकोणतीस, एकोणचाळीस ही आपली खास वळणे, तेथे जर्मन सरळ ‘नऊ-आणि-वीस’ म्हणते.) वेळ सांगताना मात्र सावध राहावे. आपण साडेनऊ म्हणताना नवाच्या पुढे अर्धा तास मोजतो. जर्मन माणूस तीच वेळ ‘अर्धे दहा’ अशी सांगतो, म्हणजे दहाव्या तासाचा अर्धा भाग झाला असे समजतो. दीड आणि अडीच हे आपले शब्द व्युत्पत्तीने अशाच तऱ्हेच्या मोजणीचे आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही रीत विचित्र वाटणार नाही. इंग्रजीच्या नादाने जो ‘अर्धे दहा’ म्हणजे साडेदहा समजेल, तो भेटीला एक तास उशिरा पोहोचेल.

उच्चारांतही आपली शिदोरी बरी आहे. ‘चाक’, ‘चोर’ ह्या शब्दांतील दंततालव्य च जर्मन भाषेत झेड ह्या अक्षराने लिहिला जातो, आणि शब्दारंभी तो उच्चारताना इंग्रजी भाषकाची जी तारांबळ होते ती आपली होऊ नये. शब्दान्तीचा द जर्मनमध्ये कठोर होतो, म्हणून त्यांचे ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय आपल्या कानाला थेट ‘उंट’ असे ऐकू येते. खुशाल उंट म्हणावे. आपल्याजवळ नसलेला स्वर म्हणजे उकाराच्या डोक्यावर दोन टिंबे देऊन लिहितात तो. जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल केले की तो साधतो. तीन लिंगांची कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही, पण त्यांची वाटणी वेगळी आहे आणि तेथे मराठीवर भरवसा ठेवू नये. सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आणि नेकार नदी पुल्लिंगी आहे.

सर्वांत नाजूक प्रकरण संबोधनाचे. ‘दू’ आणि ‘झी’ ह्या दोन सर्वनामांना आपण लगेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हणून मोकळे होतो. साम्य आहेच, देवाची प्रार्थना करताना जर्मन माणूसही एकेरीच वापरतो, जसे आपण विठ्ठलाला अरे-तुरे करतो. विद्यार्थी परस्परांना पहिल्या भेटीपासून ‘दू’ म्हणतात, वय कितीही वेगळे असो. अध्यापकांना ‘झी’ म्हणावे आणि एकेरीवर येण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडून आल्याखेरीज येऊ नये. परंतु खरा फरक समोर नसलेल्या माणसाविषयी बोलताना दिसतो. मराठीत ‘सर आले’, ‘बाई कोठे गेल्या?’ असे आदरार्थी बहुवचन अनुपस्थितालाही लागते. जर्मनमध्ये आदराचे बहुवचन फक्त तोंडावर. पाठीमागे कितीही थोर प्राध्यापक असोत, क्रियापद एकवचनीच. ‘प्राध्यापकमहाशय आले आहेत’ अशी बहुवचनी रचना तेथे पूर्वी सरदार-उमरावांच्या नोकरांच्या तोंडी असे, आणि आज कोणी तसे बोलल्यास ऐकणाऱ्याला जुन्या नाटकातील नोकर आठवेल. आपल्या विद्यार्थ्याला एकवचन वापरताना जीभ अडखळल्यासारखी होते. ही अडखळ नोंदवून ठेवावी. आदर ही व्याकरणात कोठे आणि किती खोल रुजलेली वस्तू आहे, हे तीवरून जितके कळते तितके पुस्तकावरून कळत नाही.

ह्याच्या उलट बाजूही आहे. मराठीत आपण घरात किंवा दुकानात आभार शब्दांनी मानत नाही. ‘देता का जरा?’ ह्या क्रियापदाच्या रूपातच विनंती येऊन जाते. तेथे ‘बिटे’ आणि ‘डांकं’ हे शब्द उच्चारावेच लागतात. दुकानात शिरताना किंवा वैद्याच्या बैठकीत जाऊन बसताना आधीपासून बसलेल्यांना उद्देशून अभिवादनाचा एक शब्द बोलण्याची चाल आहे. आपला विद्यार्थी संकोचाने गप्प राहतो आणि तो संकोच इतरांना शिष्टपणा वाटतो.

नगराची बोली हा स्वतंत्र विषय आहे. पुण्यात वा मुंबईत मॅक्स म्यूलर भवनातील वर्गात शिकलेले जर्मन घेऊन गेलेला विद्यार्थी हायडेलबर्गच्या ट्राममध्ये बसला की त्याच्या कानी ‘मी’ ह्या अर्थाचा ‘इश’ असा शब्द पडतो आणि सफरचंदाला कोणी म्हातारी ‘आपेल’ म्हणते. वर्गात त्याला शिकविलेले असते ‘आप्फेल’. पाठ्यपुस्तक चुकलेले नाही आणि म्हातारीही चुकत नाही. जर्मन बोलींच्या नकाशावर ‘आपेल’ आणि ‘आप्फेल’ ह्यांना विभागणारी प्रसिद्ध सीमारेषा, जिला श्पायर रेषा म्हणतात, ह्याच प्रदेशाजवळून जाते. हा नकाशा ज्या पाहणीतून निघाला ती गेओर्ग वेंकर ह्यांनी १८७६ मध्ये सुरू केली. शाळामास्तरांकडे ठरावीक वाक्ये, अखेरच्या स्वरूपात चाळीस, पाठवून ती गावच्या बोलीत लिहून मागवावयाची, अशी त्यांची पद्धत होती. आपल्याकडे ग्रीअर्सन ह्यांनी उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे रूपांतर मागवून जी पाहणी केली, आणि जिचा मराठीवरील खंड १९०५ मध्ये निघाला, ती ह्याच पिढीतील. दोन्ही पद्धतींचे गुणदोष वर्गात शिकविले जातात. त्यांपैकी एकीचा प्रदेश पायाखाली असताना ग्रंथालयात बसून राहणे हे अरसिकपणाचे आहे. जवळच्या मानहाइम येथे १९६४ मध्ये स्थापन झालेली जर्मन भाषेची संशोधन संस्था असून बोलल्या जाणाऱ्या जर्मनच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह तेथे आहे. आगगाडीने अर्धा तासही लागत नाही. एक दिवस तेथे अवश्य जावे.

‘इश’ म्हणणाऱ्याला तेथेही कोणी कोणी हसतात. येथे मला आपल्या विद्यार्थ्यांपैकी एका मोठ्या वर्गाविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून किंवा कोकणातून विद्यापीठाच्या गावी आलेल्या विद्यार्थ्याने परक्या नगरातील एक सत्र ह्यापूर्वीच भोगलेले असते. ‘पानी’ आणि ‘डोया’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुलाला पहिल्या महिन्यात वर्गात जे हसू ऐकू येते, त्याने तो वर्षभर तोंड मिटून बसतो. परीक्षेत उत्तम गुण मिळवितो, पण चर्चेत त्याचा आवाज कोणी ऐकलेला नसतो. असे विद्यार्थी परदेशी जाताना अधिक भितात. वस्तुतः त्यांची तयारी इतरांहून पुढची आहे. एक बोली घरी आणि दुसरी बाहेर, हे त्यांनी आधीच साधलेले आहे. कोणत्या शब्दाला कोण हसते हे टिपण्याची त्यांच्या कानांना सवय आहे. ज्याची घरची भाषाच प्रमाण मराठी आहे, त्या विद्यार्थ्याला हा अनुभव हायडेलबर्गच्या नगरपालिकेत प्रथमच येतो आणि तो बावरतो. निवड करताना आमच्या समित्या मुलाखतीतील सफाईदार इंग्रजीकडे पाहतात. माझ्या मते त्यांची दृष्टी चुकीच्या ठिकाणी लागलेली असते.

ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. आपण क्षेत्रकार्याला जातो तेव्हा निवेदकापुढे बसून त्याला वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावयास लावतो. गडचिरोलीतील एखाद्या बाईला प्रमाण मराठीतून प्रश्न विचारला जातो. ती क्षणभर थांबते, चुकीचे रूप वापरते, ओशाळून हसते, आणि आपण वहीत ‘निवेदक संकोची’ असे लिहून पुढच्या वाक्याकडे वळतो. कचेरीच्या खिडकीपुढे, मागे रांग उभी असताना, कारकुनाने विचारलेला साधा प्रश्न न कळून जेव्हा विद्यार्थ्याला तो तिसऱ्यांदा विचारावयास सांगावा लागतो, तेव्हा तो त्या बाईच्या जागी असतो. आपण मंदबुद्धी नाही हे समोरच्याला पटवून देण्यासाठी जी भाषा लागते, नेमकी तीच त्याच्यापाशी नसते. अशा वेळी इंग्रजीचा आश्रय घेण्याचा मोह होतो, आणि बहुधा कारकुनालाही इंग्रजी येत असते. निदान पहिली पाच मिनिटे तो आवरावा. त्या रात्री वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : काय ऐकले, काय समजले, काय म्हणावयाचे होते आणि म्हणता आले नाही. ही वही मराठीत लिहावी. सहा महिन्यांनी तिच्यात जे साठलेले असेल, त्याचा उपयोग प्रबंधातील पद्धतिविचाराच्या प्रकरणास झाल्यावाचून राहणार नाही.

वर्गातील रीतिभातींविषयी थोडे. वेळापत्रकात ताशापुढे सी. टी. ही दोन अक्षरे असली तर वर्ग पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो, एस. टी. असल्यास ठोक्याला. ही जुन्या लॅटिन प्रयोगाची संक्षिप्त रूपे आहेत, परिवहन मंडळाशी त्यांचा संबंध नाही. व्याख्यान संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. ती निषेधाची खूण नव्हे. चर्चासत्रात अध्यापक विचारीपर्यंत थांबण्याची आपली सवय तेथे नडते. न बोलणारा विद्यार्थी नम्र ठरत नाही, तयारी न केलेला ठरतो. अध्यापकाच्या मताविरुद्ध बोलणे उद्धटपणाचे मानले जात नाही, मात्र त्यासाठी पान उघडून आधार दाखवावा लागतो. भेटीसाठी ठरलेली वेळ असते, तिची नोंद आधी करावी. सहज डोकावून ‘सर, दोनच मिनिटे’ असे म्हणण्याची सोय नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेखी निबंध, ज्याला तेथे हाउसआर्बाइट म्हणतात, तो व्याख्याने संपल्यानंतर, बहुधा मार्चअखेरपर्यंत, लिहून द्यावयाचा असतो. फेब्रुवारीत व्याख्याने संपताच परतीचे तिकीट काढणारा विद्यार्थी ह्या निबंधाला मुकतो किंवा तो घरी येऊन, ग्रंथांवाचून, लिहीत बसतो. दक्षिण आशियाविषयक ग्रंथांचा जो संग्रह तेथे हाताशी असतो, तो सोडून येण्यात काय शहाणपण?

राहता राहिला एकाकीपणा. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. रविवारी दुकाने बंद असतात, हे विसरलेल्याला शनिवारी रात्री कळते की घरात मीठही नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात, तेव्हा घरच्या आणि तेथल्या वेळेतील अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. तेथे जेवून निवांतपणे बोलावयास बसावे तो इकडे आईवडील निजलेले असतात. अशा वेळी चार भारतीय विद्यार्थी एकत्र स्वयंपाक करतात आणि हिंदी-इंग्रजीत रमतात. त्यात वावगे काही नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला द्यावी. पण राहावयाची खोली निवडण्याची संधी असेल तर जेथे स्वयंपाकघर जर्मन विद्यार्थ्यांबरोबर वाटून घ्यावे लागते अशीच निवडावी. बोली शिकण्यासाठी स्वयंपाकघरासारखी शाळा नाही, आणि फोडणीच्या वासावरून सुरू झालेले संभाषण पुष्कळ दूरवर जाते. भाषाविनिमयासाठी जोडीदार मिळवून देण्याची पद्धतही तेथे आहे. हिंदी शिकणारे जर्मन विद्यार्थी भेटतील. त्यांना मराठी ही हिंदीची बोली नव्हे हे शांतपणे समजावून सांगण्याची तयारी ठेवावी, आणि तिसरे लिंग हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे.

निघताना पुन्हा कचेरी. देश सोडण्यापूर्वी नगरपालिकेतील नोंद रद्द करून तिची पोच घ्यावी. विमा आणि बँकेचे खाते बंद करताना ती मागितली जाते. खोलीची अनामत काही आठवड्यांनी परत मिळते, म्हणून खाते त्याआधी बंद करू नये. निबंधाचे गुण नोंदले जाण्यास वेळ लागतो. गुणपत्रक कोणाकडून आणि केव्हा निघणार हे संबंधित अध्यापकांना निघण्यापूर्वी विचारून ठेवावे आणि आपल्या विभागाच्या कचेरीचा पूर्ण पत्ता त्यांच्याकडे लिहून द्यावा.